कैनाडची वही आणि जहाजावरचे खाते

डहाणू तालुक्यातील कैनाड हे किनाऱ्यापासून थोडे आत वसलेले, बहुतांशी वारली वस्तीचे गाव. पावसाळ्यात भाताची खाचरे आणि कुडाच्या भिंतींची घरे असे या मुलखाचे रूप आहे. बाहेरच्या माणसाला डहाणूची ओळख चिकूमुळे होते. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ती अधिकच पक्की झाली. परंतु या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करीत आलेल्या आपल्या कुटुंबांना हा मुलूख आणखी एका वस्तूमुळे जवळचा वाटतो. ती वस्तू म्हणजे दुकानातील वही.

अशा गावांत मीठमिरचीपासून कापडापर्यंत सारे काही वहीवर नेले जाई. भात निघाले की हिशेब होई. देणारा विश्वासावर देई, घेणारा गरजेपोटी घेई आणि दोघांमध्ये उभी असे ती लाल बासनातील वही, जिचे दिवाळीत श्रद्धेने पूजन होत असे. आता त्याच गावांतील घरोघरी बँकेचे कार्ड पोहोचले आहे. 28 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झालेल्या जन-धन योजनेने शून्य शिल्लकेचे खाते आणि त्यासोबत रूपे डेबिट कार्ड दिले. डेबिट कार्डाचा स्वभाव उधारीच्या नेमका उलट आहे : खात्यात असेल तेवढेच खर्चावे, नसेल तर थांबावे. वहीकडून कार्डाकडे झालेला हा प्रवास आपल्या डोळ्यांदेखत झाला.

हे सारे आठवण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. अलीकडे सुट्ट्या जवळ आल्या की डहाणू, बोईसर, पालघर येथील घरांतून क्रूझच्या सहलीची चर्चा ऐकू येते. समुद्र तर आपल्या उंबरठ्यावरच आहे. पारनाक्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की क्षितिजावरून सरकणारी जहाजे दिसतात. वाढवण येथील नियोजित बंदरामुळे ही जहाजे उद्या दाराशी येणार आहेत, आणि त्यामुळे आपली मासेमारी व किनारा यांचे काय होईल हा येथील कोळी बांधवांचा प्रश्नही तितकाच खरा आहे. पण त्या जहाजांकडे किनाऱ्यावरून पाहणे वेगळे आणि स्वतः चार दिवस जहाजावर राहणे वेगळे. तिकिटाची चौकशी सर्वजण करतात, जैन जेवण मिळेल का हेही विचारतात. जहाजावर पैसे कसे द्यायचे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आणि गंमत अशी की, आपण गावात मागे सोडलेली वही समुद्रावर नव्या वेषात पुन्हा भेटते.

समुद्र आपल्याला परका नाही

जैन परंपरेत समुद्रप्रवासाच्या कथा थोड्याथोडक्या नाहीत. ज्ञाताधर्मकथा या आगमात चंपानगरीच्या अर्हन्नक श्रावकाची कथा येते. भर समुद्रात देव त्याची परीक्षा पाहतो, जहाज उलथवून टाकण्याची भीती घालतो. तरीही अर्हन्नक आपल्या श्रद्धेपासून ढळत नाही. नवपदाच्या ओळीत घरोघरी ऐकली जाणारी श्रीपाळराजाची कथा तर निम्मी समुद्रावरच घडते. धवल शेठच्या जहाजांचा तांडा, त्याचा लोभ आणि त्या लोभापायी श्रीपाळाला समुद्रात लोटण्याचे त्याचे कृत्य लहान मुलांनाही ठाऊक असते. या दोन्ही कथांत वादळापेक्षा मोठी कसोटी माणसाच्या मनाची आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आधुनिक काळात हा वारसा सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी पुढे नेला. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी 1919 मध्ये सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी उभारली आणि 5 एप्रिल 1919 रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या मार्गावर भारतीय मालकीचे जहाज नेण्याचे ते धाडस होते. म्हणूनच 5 एप्रिल हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ‘लॉयल्टी’चे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते विकत घेऊन पहिल्या महायुद्धात रुग्णालय-जहाज म्हणून वापरले होते. योगायोग असा की, सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून पर्यटकांना नेऊ लागलेल्या कॉर्डेलिया क्रूझेसच्या जहाजाचे नावही ‘एम्प्रेस’च. हे जहाज 1990 साली फ्रान्समध्ये बांधले गेले. त्याच्या गोवा व लक्षद्वीपच्या सफरींमुळे मराठी आणि गुजराती मध्यमवर्गाला क्रूझ हा शब्द घरचा वाटू लागला.

डहाणूकरांसाठी हा प्रवास आता सोपा झाला आहे. एप्रिल 2013 मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत आल्या. पहाटेची लोकल पकडली की चर्चगेट, तेथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. इंदिरा गोदीलगतचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल 2025 मध्ये खुले झाले. सामानाची तपासणी होते, ओळखपत्र पाहिले जाते आणि हातात एक प्लास्टिकचे कार्ड पडते. खरा विषय येथून सुरू होतो.

एक कार्ड, अनेक दरवाजे

ते कार्ड म्हणजे तुमच्या खोलीची किल्ली, जहाजावर चढण्या-उतरण्याचा परवाना आणि तुमची वही, असे तिन्ही एकात असते. बहुतेक क्रूझ जहाजांवर दुकानात, चहा-कॉफीच्या टपरीवजा काउंटरवर, स्पामध्ये किंवा छायाचित्राच्या दालनात रोख पैसे घेत नाहीत. तुम्ही हे कार्ड दाखवता, यंत्र एक आवाज करते आणि रक्कम तुमच्या खोलीच्या खात्यावर लिहिली जाते. अखेरच्या रात्री सर्व नोंदींची बेरीज होऊन बिल तयार होते. जहाज कोणतेही असो, पद्धत साधारणपणे हीच. जमिनीवर आपण यूपीआयने दहा रुपयांचा नारळही घेतो. परंतु भर समुद्रात किनाऱ्यावरील मोबाइलचे जाळे नसते. जहाजावरील इंटरनेट उपग्रहामार्फत येते आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. त्यामुळे यूपीआयच्या भरवशावर जहाजावर जाणे शहाणपणाचे नाही.

तिकिटात काय येते आणि काय येत नाही, हे आधी नीट वाचावे. खोली, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि बहुतेक करमणुकीचे कार्यक्रम तिकिटात असतात. बाटलीबंद पेये, विशेष उपाहारगृहे, इंटरनेट, स्पा, छायाचित्रे, बंदरावरील सहली आणि अर्थातच मद्य व कॅसिनो यांचे पैसे वेगळे. परदेशी जहाजांवर यात सेवाशुल्काची भर पडते. ते माणशी दररोज आकारले जाते, अनेक कंपन्यांत मुलांसाठीही, आणि साधारणतः 15 ते 20 डॉलरच्या घरात असते. चार माणसांचे कुटुंब चार रात्री राहिले आणि दर 16 डॉलर धरला, तर केवळ या एका नावाखाली 256 डॉलर होतात. काहीही विकत न घेता बिल का आले, असे विचारत लोक अतिथी कक्षासमोर रांगेत उभे राहतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

हे खाते उघडताना त्यामागे पैशाची हमी लागते. ती क्रेडिट कार्डाने, डेबिट कार्डाने, प्रवासी फॉरेक्स कार्डाने किंवा रोख अनामतीने देता येते. कोणते चालते आणि कोणते नाही, हे त्या-त्या कंपनीच्या नियमांवर अवलंबून असते. आपल्याकडील अनेक घरांत, विशेषतः वडीलधाऱ्यांकडे, क्रेडिट कार्ड नसते. कर्ज नको या शिस्तीने ते मुद्दामच घेतलेले नसते. ही शिस्त आदरणीयच आहे. पण डेबिट कार्ड म्हणजे उधारी नाही, म्हणून धोकाही नाही, अशी जी समजूत असते ती जहाजावर अपुरी पडते.

रोखून ठेवलेले पैसे

हमी म्हणून कार्ड दिले की जहाज बँकेला विचारते : अमुक रक्कम या ग्राहकाकडे आहे का? बँक होकार देते आणि तेवढी रक्कम बाजूला रोखून ठेवते. यालाच व्यवहारात ‘होल्ड’ म्हणतात. क्रेडिट कार्डावर अशी रक्कम रोखली तर तुमची उधारीची मर्यादा तेवढ्यापुरती कमी होते. खिशातले काहीच जात नाही. डेबिट कार्डावर मात्र तुमच्या बचत खात्यातील खरे पैसे अडकतात. ते खात्यातून गेलेले नसतात, पण तुम्हाला वापरताही येत नाहीत. खर्च वाढत गेला की काही जहाजे दररोज आणखी थोडी रक्कम रोखतात. शेवटी अंतिम बिल वेगळे वसूल होते आणि आधी रोखलेली रक्कम बँक मोकळी करते. ती मोकळी होण्यास काही दिवस लागतात, परदेशी व्यवहारात कधीकधी त्याहूनही जास्त. मधल्या काळात रोखलेली रक्कमही नाही आणि बिलाचे पैसेही नाहीत, अशी दुहेरी अडचण होऊ शकते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, डहाणूच्या एका बागायतदाराच्या खात्यात 1,00,000 रुपये आहेत. जहाजाने पहिल्या दिवशी 25,000 रोखले. अखेरचे बिल 32,000 झाले आणि ते स्वतंत्रपणे वसूल झाले. रोखलेले 25,000 अजून सुटलेले नाहीत. म्हणजे घरी परतताना हाताशी उरले 43,000. त्याच आठवड्यात बागेतील मजुरांची 20,000 मजुरी आणि ट्रॅक्टरचा 25,000 हप्ता द्यायचा आहे. बेरीज 45,000. प्रत्यक्षात त्याच्याकडे 68,000 आहेत, तरीही दोन हजारांसाठी हप्ता परत जाईल, बँक दंड लावेल, किंवा मजुरी पुढच्या आठवड्यावर ढकलली जाईल. मजुरी थांबली तर सहलीचा भुर्दंड ज्याने जहाज पाहिलेही नाही अशा कैनाडच्या माणसाने सोसायचा. या उदाहरणात कोणी उधळपट्टी केली नाही, कोणी फसवले नाही. केवळ पैशांची वाट कळली नाही, एवढेच.

म्हणून पहिला नियम : घरखर्चाचे, हप्त्यांचे आणि मजुरीचे खाते जहाजाला कधीही जोडू नये. प्रवासासाठी वेगळे बचत खाते ठेवावे आणि जाण्यापूर्वी त्यात ठरवलेली रक्कम टाकावी. ती अंदाजित खर्चाच्या साधारण दुप्पट असली, म्हणजे रोखलेले पैसे आणि अंतिम बिल एकाच वेळी आले तरी अडचण होत नाही. इतकी तजवीज शक्य नसेल तर रोख अनामत हा जुना पण स्वच्छ मार्ग आहे. अतिथी कक्षात रक्कम भरून पावती घ्यावी. उरलेली रक्कम शेवटच्या दिवशी तेथेच परत मिळते. मात्र ती घेतल्याशिवाय जहाज सोडू नये.

रुपया आणि डॉलर

मुंबईहून गोव्याला जाऊन परतणाऱ्या देशी सफरीत हिशेब रुपयांत होतो. सिंगापूरसारख्या बंदरातून निघणाऱ्या परदेशी जहाजांवर तो डॉलरमध्ये होतो आणि येथे डेबिट कार्डाचे आणखी तीन पदर उलगडतात.

पहिला पदर परवानगीचा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या निर्देशांनुसार नवे कार्ड देशांतर्गत वापरापुरतेच सुरू करून दिले जाते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून सुरू करावा लागतो आणि त्याची दैनंदिन मर्यादाही ठरवता येते. केवळ देशांतर्गत वापरासाठी दिलेले रूपे कार्ड परदेशी जहाजावर चालणार नाही. आंतरराष्ट्रीय वापराची सोय असलेले कार्ड हवे, आणि ते त्या जहाजावर स्वीकारले जाते का हे आधी विचारावे.

दुसरा पदर संकेतांकाचा. अनेक व्यवहारांना मोबाइलवर ओटीपी येतो. समुद्रात तो येईलच असे नाही. म्हणून कार्ड जोडण्याचे काम बंदरावर, मोबाइलचे जाळे असतानाच उरकावे. कार्डाचा चार आकडी पिन तोंडपाठ असावा. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइल जहाजावरील समुद्री जाळ्याला आपोआप जोडला जाऊ शकतो आणि त्याचे दर फार चढे असतात. तेव्हा फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवावा.

तिसरा पदर चलनबदलाचा. डेबिट कार्डाने डॉलरमधील बिल भरले की बँक विनिमय दरावर काही टक्के अधिभार लावते आणि त्या अधिभारावर 18 टक्के जीएसटी लागतो. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर 85 रुपयांचा आणि अधिभार साडेतीन टक्के धरू. वरील 256 डॉलरचे 21,760 रुपये होतात. त्यावर अधिभार सुमारे 762 आणि कर सुमारे 137. एकूण जवळपास 22,659. काही यंत्रे ‘रुपयांत भरायचे का?’ असे आपुलकीने विचारतात. ही आपुलकी महागात पडते, कारण तो दर यंत्र चालवणारा ठरवतो आणि तो बहुधा आपल्या तोट्याचा असतो. बिल ज्या चलनात आहे त्याच चलनात भरावे. डॉलर आधीच भरलेले फॉरेक्स कार्ड घेतले तर दर जाण्यापूर्वीच निश्चित होतो. त्यावरही रक्कम रोखली जाते, पण घरचे खाते सुरक्षित राहते. सेवाशुल्क, इंटरनेट आणि बंदरावरील सहली यांचे पैसे आरक्षणाच्या वेळीच भरता येत असतील तर ते उत्तम. जहाजावरचे बिल तेवढे हलके होते.

न दिसणारा हिशेब

हिशेब समोर न दिसणे म्हणजे काय, हे डहाणू-तलासरीच्या मातीइतके कोणाला ठाऊक असेल? लग्नासाठी थोडेसे कर्ज काढणारा वारली तरुण ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराकडे राबत असे. कर्ज किती होते, किती फिटले, किती उरले हे सांगणारी वही त्याला वाचता येत नसे आणि ती त्याला दाखवलीही जात नसे. 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली येथील वारली या वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती मारले गेले. गोदावरीबाईंनी ही हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. त्यास 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हौसेने काढलेल्या सहलीच्या बिलाची त्या दुःखाशी तुलना होऊच शकत नाही. तसे करणे त्या माणसांचा अवमान ठरेल. परंतु व्यापारी समाज म्हणून आपण त्या इतिहासातून एक धडा घेतला पाहिजे : वहीचे दोन्ही बाजूंना दर्शन हवे. आपल्या आचार्यांनी हे फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख, आणि अचौर्याच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी मापे, यांचा समावेश आहे. हिशेब लिहिणाऱ्याने तो चोख लिहावा हा जसा धर्म, तसाच ज्याच्या नावावर तो लिहिला जातो त्याने तो डोळे उघडे ठेवून वाचावा हाही धर्मच.

जहाजावर ते शक्य आहे आणि सोपेही आहे. अतिथी कक्षात, खोलीतील दूरदर्शन संचावर किंवा जहाजाच्या ॲपवर चालू खाते पाहता येते. रोज संध्याकाळी ते पाहावे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून डेकवर फेरफटका मारताना पाच मिनिटे यासाठी काढली तरी पुरे. न केलेल्या खर्चाची नोंद दिसली तर त्याच दिवशी सांगावे. शेवटच्या सकाळच्या गर्दीत कोणी कोणाचे ऐकत नाही. घरी आल्यावर बँकेच्या उताऱ्याशी बिल ताडून पाहावे. तुमची चूक नसताना, परस्पर कोणी अनधिकृत व्यवहार केल्याचे दिसल्यास बँकेला तातडीने कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार अशा प्रकरणी तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर भार पडत नाही. रोखलेली रक्कम फार दिवस सुटली नाही तर बिलाची प्रत जोडून बँकेकडे लेखी अर्ज करावा. बँकेने 30 दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

मुलांच्या कार्डाबाबत विशेष दक्षता हवी. कुटुंबातील सर्वांची कार्डे बहुधा एकाच खात्याला जोडलेली असतात. मुलगा खेळाच्या दालनात कार्ड लावतो, आवाज होतो, त्याला पैसे गेल्याची जाणीवही नसते. मुलांच्या कार्डावरील खरेदीची सोय बंद करण्यास किंवा मर्यादित करण्यास अतिथी कक्षात सांगता येते. तेच कार्ड कॅसिनोच्या टेबलावरही चालते, हे मोठ्यांनीही विसरू नये. सप्तव्यसनांच्या यादीत जुगार पहिला आहे, तो उगाच नव्हे.

आधी ठरवलेली सीमा

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आणि भोगोपभोग-परिमाण व्रत आहे. कोणत्या दिशेला किती जायचे आणि किती भोगायचे याची सीमा आधीच आखून घ्यायची, हे त्यांचे सार. चौदा नियम धारणारी आपली आजी-आई रोज सकाळी ठरवीत असे : आज इतकी द्रव्ये, इतकी वस्त्रे, इतके वाहन, इतकी दिशा. ठरवताना मन शांत असते. भोग समोर आल्यावर ते शांत राहत नाही. म्हणून नियम सकाळी घ्यायचा, ताटावर बसल्यावर नव्हे. दिग्व्रताच्या अतिचारांत एक अतिचार फार सूक्ष्म आहे : स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेल्या सीमेची आठवणच न राहणे. मुद्दाम मर्यादा मोडली नाही, फक्त ती विसरली गेली. तरीही तो अतिचारच.

क्रूझ जहाजाची सारी रचना या विस्मरणाला अनुकूल आहे. खिशातून नोट जात नाही, सुट्टे परत येत नाहीत, चलन परके असते, घड्याळाकडे पाहायचे नसते, सारे कसे आनंदात चाललेले असते. यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. तो त्यांचा व्यवसाय आहे आणि चांगल्या सेवेचे मोल देणे योग्यच. प्रश्न इतकाच की सीमा कोण आखणार, आपण की शेवटच्या रात्रीचे बिल?

येथे डेबिट कार्डाचा गुण कामी येतो. वेगळे खाते, त्यात घरी बसून, सर्वांशी बोलून ठरवलेली रक्कम आणि ॲपमध्ये घातलेली दैनंदिन मर्यादा. एवढे केले की तेच कार्ड परिमाण व्रताचे एक साधन बनते. रक्कम संपली की संपली. क्रेडिट कार्ड सोयीचे असेलही. पण सीमेची आठवण ते स्वतःहून देत नाही. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी हमीसाठी क्रेडिट कार्ड द्यावे आणि अखेरच्या रात्री, अंतिम वसुली होण्यापूर्वी, बिल डेबिट कार्डाने किंवा रोखीने चुकते करता येईल का ते विचारावे. अनेक ठिकाणी ते जमते. असे केल्यास बचत खात्यातील पैसेही अडकत नाहीत आणि उधारीही मागे राहत नाही.

निघण्यापूर्वी आणखी एक हिशेब मात्र जरूर मिटवावा. बागेतील मजुरी, घरकाम करणाऱ्या ताईंचा पगार, दुकानातील मुलाची उचल, जे काही कोणाचे देणे असेल ते सहलीला जाण्याच्या आधी देऊन टाकावे. आपले पैसे समुद्रावर चार दिवस अडकले तर आपली थोडी गैरसोय होईल. कैनाडच्या घरात चार दिवस मजुरी पोहोचली नाही तर चूल थंडावेल. देणी चुकती करून, सीमा आखून आणि आहाराचा नियम सांभाळून जो जहाजावर चढतो, त्याला समुद्र निश्चिंतपणे पाहता येतो.